मांडे, मंडे आणि मेटल: बेळगावात बसून विडंबनाचा हेवी मेटल अल्बम कसा करावा

हेवी मेटल या कर्णकर्कश गिटारांच्या रॉक संगीताची खिल्ली उडवणारा अल्बम करायचे आम्ही ठरवले, तेव्हा पहिले तीन महिने आमच्याकडे केवळ विनोद साठत गेले. वहीची चाळीस पाने भरली आणि गाणे मात्र एकही उभे राहिले नाही, कारण आम्ही कामाचा क्रमच उलटा लावला होता. पुढे जे लिहिले आहे ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि असाच उद्योग करू पाहणाऱ्या मंडळींसाठी आहे. एक इलेक्ट्रिक गिटार, बऱ्यापैकी संगणक आणि रात्री उशिरापर्यंत थांबू शकणारे तीन-चार मित्र एवढे भांडवल तुमच्याजवळ आहे, असे गृहीत धरले आहे.

आधी मेटल, मग चेष्टा

केशवकुमार या नावाने आचार्य अत्रे यांनी केलेली विडंबने आजही मोठ्याने म्हणावीशी वाटतात, कारण विषय कितीही क्षुल्लक असला तरी त्यांचे वृत्त कोठेही लंगडत नाही. मेटलच्या विडंबनालाही हाच नियम लागू आहे. तुमचा ड्रमर तालात कच्चा असेल, तर ऐकणारा तुमच्या विनोदाला हसत नाही, तो तुमच्या ड्रमरला हसतो. आणि ते हसणे दुसऱ्या गाण्यापर्यंतही टिकत नाही.

या प्रकारातला सर्वाधिक प्रसिद्ध बँड म्हणजे ‘स्पायनल टॅप’. रॉब रायनर यांच्या १९८४ सालच्या चित्रपटातून तो जगापुढे आला. मायकल मकीन, ख्रिस्तोफर गेस्ट आणि हॅरी शिअरर हे तिघेही मुळात विनोदी नट, परंतु वाद्ये त्यांनी स्वतः वाजवली आणि गाणीही स्वतः रचली. १९९२ साली त्यांचा ‘ब्रेक लाइक द विंड’ हा अल्बम आला, तेव्हा जेफ बेक, स्लॅश, जो सॅट्रियानी यांच्यासारखे खरेखुरे नामांकित गिटारवादक त्यात वाजवून गेले. ज्या जमातीची टर उडवली जात होती, तिच्यातल्याच थोरांनी येऊन हातभार लावावा, इतके ते संगीत अस्सल होते.

त्या चित्रपटातले दोन प्रसंग मात्र नीट समजून घेण्यासारखे आहेत. गिटारवादकाला आपल्या अँप्लिफायरच्या बटणावर दहाऐवजी अकरा आकडा आहे याचा मनापासून अभिमान आहे. दहालाच अधिक मोठा आवाज का करत नाही, असे विचारल्यावर तो गोंधळतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा अकराच सांगतो. दुसऱ्या प्रसंगात रंगमंचासाठी स्टोनहेंजचा दगड मागवताना कागदावर फुटाच्या खुणेऐवजी इंचाची खूण पडते आणि अठरा फुटांऐवजी अठरा इंचांचा दगड तयार होऊन येतो. या दोन्ही ठिकाणी बँडमधला कोणीही हसत नाही. आपण हास्यास्पद आहोत हे अल्बमातल्या बँडला ठाऊकच नसते, आणि ते त्याला शेवटच्या गाण्यापर्यंत कळता कामा नये. आमच्या चाळीस पानांतले बहुतेक विनोद या एकाच कसोटीवर बाद झाले, कारण त्यांत गाणाराच श्रोत्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

ऐकण्याचा अभ्यास म्हणून आणखी दोन-तीन नावे पुरेशी आहेत. इंग्लंडमधल्या ‘बॅड न्यूज’ या बँडचा १९८७ चा अल्बम ‘क्वीन’च्या ब्रायन मे यांनी केला, त्यात गाण्यांच्या मध्ये चौघांची भांडणे ध्वनिमुद्रित केलेली आहेत आणि ती गाण्यांइतकीच महत्त्वाची आहेत. ब्राझीलमधल्या ‘मॅसाक्रेशन’ने २००५ साली ‘गेट्स ऑफ मेटल फ्राइड चिकन ऑफ डेथ’ या नावाचा अल्बम काढला आणि इंग्रजी धड न येणाऱ्या मेटलवाल्यांचे इंग्रजी हाच त्यांनी विनोदाचा विषय केला. आपल्याकडे दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने सुरुवात लोकप्रिय गाण्यांच्या विडंबनाने केली आणि २०२२ च्या ‘रक्षक’ या अल्बमापर्यंत पोहोचता पोहोचता ती मंडळी पूर्णपणे गंभीर झाली. हा धोका या धंद्यात असतोच. मेटल वाजवता वाजवता आवडू लागते.

विषय कोठे शोधावा

नवशिक्या मंडळींचा हात प्रथम नॉर्वेच्या बर्फाकडे, सैतानाकडे आणि तलवारींकडे जातो. त्यांवर आधीच इतके हसून झाले आहे की बेळगावच्या श्रोत्याला त्यात नवे काही सापडणार नाही. जेथे आपण राहतो तेथील एखादी साधी गोष्ट घ्यावी आणि तिला मेटलचा सगळा थाट चढवावा. आम्हाला ही वाट एका शब्दामुळे सापडली.

बेळगावचे मांडे सर्वांना माहीत आहेत. पिठाचा उंडा हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवतात आणि तो कापडासारखा पातळ झाला की पालथ्या तापल्या खापरावर टाकतात. लग्नाच्या रुखवतात त्याची घडी दिमाखाने बसलेली असते. मराठीत ‘मनातले मांडे’ हा वाक्प्रचार आहे आणि मोठमोठ्या वल्गना करणाऱ्या मेटल बँडचे त्याहून नेमके वर्णन करता येणार नाही. येथपर्यंत हा विनोद पुण्यातही कळला असता. परंतु कन्नडात ‘मंडे’ म्हणजे डोके, आणि डोके तापणे, वैताग येणे याला ‘मंडे बिसि’ म्हणतात. ‘बिसि’ म्हणजे गरम. आमच्या गायकाने तालमीत मोठ्या आवेशाने ‘मंडे बिसि’ असे ओरडताच मराठी घरातल्या मित्राला खापरावरचा गरम मांडा दिसला, कन्नड घरातल्या बास-वादकाला तापलेले डोके दिसले, आणि शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्या तिसऱ्याला सोमवार आठवला. मेटलमध्ये कवटी ही आद्य देवता आणि डोके झटकणे हाच पूजाविधी असल्यामुळे, एका शब्दात तीन भाषांचा आणि एका संगीतप्रकाराचा असा संगम आम्हाला फुकटात मिळाला. तो दोन भाषांच्या शेजारामुळेच मिळाला, हे मुद्दाम नोंदवतो.

याच ठिकाणी एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. आपल्या भागात १९५६ पासून भाषा हा अनेक घरांचा दुखरा विषय आहे आणि दोन्ही बाजूंना त्यासाठी सोसलेली माणसे आहेत. एका भाषेला दुसरीपुढे हास्यास्पद ठरवणारी ओळ लिहू नये. ती टाळ्या मिळवते, पण तुमच्या बँडमधला निम्मा संच गमावते. तसेच शिवजयंतीचे पोवाडे, देवदेवता आणि हुतात्मे यांच्याकडे विडंबनाने वळू नये. पोवाड्याची भारदस्त शब्दकळा खुशाल घ्यावी, पण ती मांड्यासाठी, दुचाकीसाठी किंवा घरमालकासाठी वापरावी. टर उडवायची आहे ती पाच जणांच्या त्या बँडच्या आढ्यतेची, जो स्वतःला ब्रह्मांडाचा विध्वंसक म्हणवतो आणि ज्याच्या तालमीला ड्रमरला आई सोडत नाही.

एक विषय, एक उपप्रकार

मेटल हा एकच प्रकार नाही, आणि विनोदाची निम्मी मजा योग्य विषयाला योग्य उपप्रकार देण्यात असते. डूम मेटल अतिशय संथ असते. मिनिटाला पन्नास-साठ ठोके. कुंद्यासाठी दूध आटवताना कढईपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा काळ ज्या गतीने जातो, ती हीच गती, म्हणून आमचे कुंद्याचे गाणे नऊ मिनिटांचे आहे आणि त्यात सात मिनिटे काहीही घडत नाही. थ्रॅश मेटल मिनिटाला १८० ते २२० ठोक्यांनी धावते. ते शेवटची बस पकडण्यासाठी ठेवावे. ब्लॅक मेटलला धुके, अरण्य आणि एकाकीपणा लागतो, आणि जुलै महिन्यात जांबोटीहून चोर्ला घाटाकडे गेलेल्या कोणालाही नॉर्वेची गरज पडू नये. पॉवर मेटल म्हणजे उंच पट्टीतले गायन, सामूहिक धृपद आणि विजयाची द्वाही. वीजपुरवठा परत आल्यानंतरचा आनंद त्यात चपखल बसतो.

सगळी गाणी एकाच उपप्रकारात केली, तर तिसऱ्या गाण्यानंतर श्रोता उठून जातो. आठ गाणी आणि पस्तीस ते चाळीस मिनिटे एवढा विस्तार पुरे. गाण्यातला मूळ विनोद पहिल्या दीड मिनिटातच कळून संपतो, आणि त्यानंतर श्रोत्याला धरून ठेवण्याचे काम संगीतालाच करावे लागते. त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या मध्यावर विनोद पूर्ण बाजूला ठेवून केवळ वाद्यांना एक मिनिट द्यावे.

रिफ कसा बांधावा

मेटलचे गाणे रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या फिरकीवर उभे असते. धारवाड-बेळगावच्या हवेत वाढलेल्याला तो समजून घेणे सोपे जाते, कारण स्वरांची नावे आपल्याकडे आधीच आहेत. कुमार गंधर्वांचा जन्म ज्या सुळेभावीचा, ती येथून जवळच, आणि संवादिनीवर सरगम काढू शकणारा एखादा काका प्रत्येक गल्लीत निघतो. त्याला हाताशी धरावे.

गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ‘ई’ वरून एक पूर्ण स्वर खाली, ‘डी’ वर उतरवावी. तिचा कंपनांक सुमारे ८२ वरून ७३ हर्ट्झवर येतो. हा आता तुमचा षड्ज. मेटलची पॉवर कॉर्ड म्हणजे सा, प आणि वरचा सा, एवढेच; गंधार त्यात घेत नाहीत. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केल्यामुळे, मूळ स्वरांतून नवे उपस्वर निर्माण होतात, आणि गंधार घातला की त्यांची आपसांत टक्कर होऊन आवाज गढूळ होतो. सा-प मात्र जितके विस्फारावे तितके भक्कम वाटतात.

आता मोकळ्या तारेवर षड्ज आठ वेळा आघात करून वाजवा आणि त्या वेळी उजव्या तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जेथे टेकतात त्या पट्टीवर, अलगद टेकवून ठेवा. हात किंचित पुढे सरकला तर आवाज पूर्ण मरतो, मागे गेला तर तार मोकळी वाजते. मधल्या एखाद्या बोटाच्या रुंदीत तो ‘ढुक ढुक’ असा बंद आवाज सापडतो. नंतर हात उचलून कोमल रिषभ एकदा, पुन्हा चार वेळा षड्ज, आणि शेवटी तीव्र मध्यम लांब ठेवा. एवढ्यावर रिफ तयार झाला. आमच्या संवादिनीवाल्या काकांनी तो ऐकून “तोडीच्या अंगणात येऊन थुंकलात की रे” असा शेरा दिला, आणि तो आम्ही प्रशस्तिपत्रक मानतो. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपात सैतानाचा स्वर म्हणत, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये आलेल्या ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या अल्बमाचे पहिलेच गाणे त्या अंतरावर उभे आहे. आपल्याकडे तोच मध्यम यमनात रोज संध्याकाळी गायला जातो आणि कोणी घाबरत नाही. भीती वाटण्यासाठी त्याच्या शेजारी कोमल रिषभ बसवावा लागतो.

त्या ‘ब्लॅक सॅबथ’चे गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करत होते. यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने हीच बोटे तारांवर दाबायची होती. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे बनवली, पुढे तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांचा खर्ज हा मेटलचा ओळखीचा आवाज ठरला. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. आमच्यातले दोघे तेथेच कामाला आहेत आणि या एका विषयावर आम्ही विनोद केलेला नाही.

ड्रमसाठी दोन पायांनी वाजवायचा डबल बास ड्रम लागतो. तो आमच्याजवळ नव्हता, म्हणून आम्ही वडगावातल्या एका ओळखीच्या घरी चालणाऱ्या यंत्रमागाचा आवाज मोबाइलवर टिपून आणला. कल्पना उत्तम होती, पण व्होल्टेज खालीवर झाले की मागाची गतीही बदलते, आणि सलग पाच मिनिटांच्या आवाजावर गिटार बसवणे अशक्य झाले. अखेर त्यातला एकच स्वच्छ ‘खट’ कापून घेतला, त्याच्या खाली सॉफ्टवेअरमधला बास ड्रम ठेवला आणि तो ठोका मोजणीच्या आखणीवर हाताने मांडला. आजही शहापूर-वडगावचा श्रोता ते गाणे ऐकताना तिसऱ्या सेकंदाला मान वर करतो.

शब्द

मराठी ही मेटलसाठी फार सोयीची भाषा आहे. ट, ठ, ड, ढ, ळ आणि जोडाक्षरे यांमुळे शब्द तोंडातून बाहेर पडतानाच आपटतात. ‘खापर’, ‘धगधग’, ‘कढई’, ‘ठिणगी’ हे शब्द नुसते उच्चारून पाहावेत. मात्र ओळीच्या शेवटी लांब स्वर ठेवावा, कारण गायकाला तेथे आवाज ताणायचा असतो. ‘खापरावर’ पेक्षा ‘खापरावरी’ उपयोगी पडते, आणि जुन्या काव्यातली ही ‘वरी’, ‘परी’, ‘जैसा’, ‘तैसा’ अशी रूपे आपोआप नाटकी भारदस्तपणाही देतात.

शब्दांची भाषा अति उच्च आणि विषय अति सामान्य, हे अंतर जितके अधिक तितका विनोद खोल जातो. ‘मंडे बिसि’च्या पहिल्या कडव्यात आम्ही मांडा हा शब्दच येऊ दिलेला नाही, ‘शुभ्र वस्त्र’, ‘पालथे आकाश’, ‘अग्नीची शय्या’ असे वर्णन चालते आणि ऐकणाऱ्याला वाटते की कोणा वीराचे दहन चालले आहे. धृपदात साखर आणि तूप येते तेव्हा उलगडा होतो. मागून ओरडणाऱ्या मंडळींसाठी आम्ही मराठीत ‘जी जी’ आणि कन्नडात ‘हौद्री’ असे दोन प्रतिसाद ठेवले. गायक जे काही म्हणेल त्याला संपूर्ण संच अत्यंत आदराने होकार देतो.

ध्वनिमुद्रण

स्टुडिओ भाड्याने घेण्याची आवश्यकता नाही. गिटार ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे वाद्याचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीला, जोडून कोरी मुद्रित करावी आणि अँप्लिफायरचा आवाज नंतर सॉफ्टवेअरमध्ये द्यावा. ‘न्यूरल अँप मॉडेलर’ हे त्यासाठीचे साधन मोफत मिळते. चोवीस बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ही मांडणी पुरेशी आहे. ताल देणारी गिटार एकदा वाजवून तिची प्रत काढू नये. ती दोनदा वेगवेगळी वाजवावी आणि एक डावीकडे, दुसरी उजवीकडे ठेवावी. दोन वादनांतल्या बारीक फरकामुळेच भिंतीसारखा आवाज तयार होतो. डिस्टॉर्शन मनात येईल त्याहून बरेच कमी ठेवावे. नवखा माणूस ते नेहमी जास्त ठेवतो आणि मग आघात ऐकूच येत नाहीत, नुसती खरखर उरते. गिटारमधला सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापून ती जागा बास आणि ड्रमला मोकळी करून द्यावी.

आमचे पहिले सत्र संपूर्ण वाया गेले. सर्व मुद्रणात एक बारीक गुणगुण भरली होती. आम्ही दोष गिटारला दिला, मग वायरला दिला, शेवटी एकमेकांना दिला. गुणगुण ५० हर्ट्झची होती, म्हणजे घरच्या विजेची, आणि ज्या सॉकेटवर आम्ही सर्व जोडले होते त्याला अर्थिंगच नव्हते. इलेक्ट्रिशियनने ते पंधरा मिनिटांत नीट केले. काम सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद काहीही न वाजवता मुद्रित करून हेडफोनवर ऐकावे, म्हणजे आमच्यासारखी दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाणार नाही.

गायनासाठी एका कोपऱ्यात तीन बाजूंनी वाकळी टांगाव्यात. वापरून जुनी झालेली जाड वाकळ बाजारातल्या स्पंजापेक्षा चांगले काम देते. घरावर पत्रे असतील, तर जून ते सप्टेंबर गायन मुद्रित करण्याचा नाद सोडावा. ब्लॅक मेटलच्या गाण्यासाठी मात्र तोच पाऊस खिडकीतून टिपून ठेवावा.

गुरगुरून गाण्याचे तंत्र घशावर जोर देऊन साधत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर ज्या पडद्यासारख्या घड्या असतात त्यांच्यातून तो आवाज काढायचा असतो, आणि जोर पोटातून द्यावा लागतो. अर्ध्या तासाहून अधिक सलग करू नये. घशात दुखले किंवा खाज सुटली की तेथेच थांबावे. “अजून एकदाच” या आग्रहापायी आमच्या गायकाने तीन दिवस घरी खुणांनी पाणी मागितले. आणखी एक गोष्ट म्हणजे गायकाने विनोदी आवाज काढू नये. ‘तूप’ हा शब्द त्याने ‘मृत्यू’ म्हणतो त्याच गांभीर्याने म्हणावा.

गाण्यांच्या मधली भांडणे ठेवायची असतील, तर ती लिहून पाठ करू नयेत. सामान उचलण्याच्या वेळी मायक्रोफोन चालू ठेवावा. झांजांचे स्टँड दुचाकीवर कोण नेणार, यावरून आमच्यात झालेला खराखुरा वाद अल्बमात एक मिनिट वीस सेकंद आहे, आणि लोकांना तोच भाग सर्वाधिक पाठ झालेला आहे.

हक्क आणि परवानग्या

एखाद्या गाजलेल्या गाण्याची चाल उचलून तीवर स्वतःचे शब्द बसवण्याचा मोह होईल. तो आवरावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातल्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण विडंबनाचा स्वतंत्र उल्लेख तेथे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-सी जुन्या गाण्याची नवी आवृत्ती करू देते, परंतु मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे लोटलेली असावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशोबाने मानधन भरावे लागते, आणि शब्द किंवा चालीत मनाजोगा बदल करता येत नाही. अर्थात विडंबनाला ही वाट निरुपयोगी आहे. चाल स्वतःची करावी आणि केवळ शैलीची नक्कल करावी; शैलीवर कोणाची मालकी नसते, आणि शैलीचे विडंबन अधिक काळ टिकते.

मुखपृष्ठासाठी मूर्तिकामाचे किंवा जुन्या फलकांचे पेंटिंग करणारा कलाकार गाठावा. ‘मोटरहेड’, ‘मॉट्ली क्रू’ या बँडांनी नावातल्या स्वरांवर विनाकारण दोन टिंबे दिली, ती केवळ भयानक दिसावे म्हणून. देवनागरीत तेवढ्यासाठी अवग्रह आणि विसर्ग आहेत; ‘मंऽडेः’ असे लिहिले की नाव शापवाणीसारखे दिसते. आमच्या मुखपृष्ठावर खापराच्या जागी कवटी आहे आणि तिच्यावर मांडा पसरला आहे. रंगवणाऱ्याला मांडा अर्धपारदर्शक हवा हे समजावताना एक खरा मांडा आणून समोर ठेवावा लागला, आणि चित्र होईपर्यंत तो उरला नाही.

पहिला जाहीर कार्यक्रम गल्लीत करायचा असेल, तर पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, जी आमचा ड्रमर एकट्याने आणि विजेशिवाय ओलांडतो. बंद सभागृह मिळवणे शहाणपणाचे.

प्रसिद्ध करण्यापूर्वी

अल्बम प्रसिद्ध करण्याआधी तो तीन माणसांना ऐकवावा, आणि ही माणसे बँडची मित्र नसावीत. एकाला संगीत कळत असावे, एकाला मेटल आवडत असावे, आणि एकाला तुम्ही ज्यावर गाणे केले आहे ती गोष्ट हाताने करता येत असावी. पहिल्या दोघांनी आम्हाला मिक्सिंगमधल्या चुका सांगितल्या आणि त्या आम्ही एका संध्याकाळी सुधारल्या. तिसरी माझी मावशी. तिच्या हातचे मांडे गेली तीस वर्षे आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात असतात. तिने ‘मंडे बिसि’ हेडफोन लावून, डोळे मिटून, पूर्ण ऐकले. गुरगुरण्याबद्दल, कवटीबद्दल किंवा तीव्र मध्यमाबद्दल ती काहीच बोलली नाही. हेडफोन काढत ती म्हणाली, “खापर लालभडक झाल्यावर मांडा टाकलास तर राखच हातात येतीय की रे. नीट विचारून तर लिहायचं.” त्या रात्री पुन्हा वाकळी टांगल्या, इंटरफेस जोडला, आणि गायकाकडून ‘लालभडक’च्या जागी ‘तापले’ हा शब्द चार वेळा म्हणून घेतला, त्यातला तिसरा ठेवला.